वर्ग बाईंचा, तुम्ही मदतनीस

वाचकाचं पत्र

'मी ५९ वर्षांची आहे. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली. नातवाला त्याच्या जन्मापासून मी सांभाळलं. आता मुलगी आणि जावई त्याला घेऊन दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि माझी मांडी रिकामी झाली. ओळखीतून परदेशातल्या एका बालवाडीची माहिती मिळाली. एका मोठ्या शहराच्या कडेला गरीब वस्ती आहे, तिथे ती देणग्यांवर चालते. तीन ते सहा वर्षांची पन्नास मुलं, दोन शिक्षिका, एक स्वयंपाकीण. सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून यायचं असं ठरतंय. हे सगळं एका कंपनीमार्फत आहे आणि तिची फी बरीच आहे. मुलगी म्हणते, "आई, तू सहा आठवडे त्या मुलांना माया लावणार आणि निघून येणार. त्यापेक्षा तेवढे पैसे त्यांना पाठव." मला वाईट वाटलं, पण उत्तर सुचलं नाही. तिथली भाषा मला येत नाही. मी शिक्षिकाही नाही. मी जावं का? आणि गेले तर नक्की काय करू?'

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही माझं उत्तर 'जा' असंच आहे. फक्त कशासाठी जायचं ते आधी बदलून घ्या. तिथल्या मुलांची सहा आठवड्यांची आजी व्हायला जाऊ नका, त्या दोन शिक्षिकांच्या हाताखाली काम करायला जा. वरवर पाहता दोन्ही बेत सारखेच वाटतील, कारण दोन्हींत तुम्ही त्याच खोलीत, त्याच मुलांमध्ये असाल. पण सकाळी वर्गात शिरल्यावर तुम्ही कुठे बसाल, पुढचं काम कोणाला विचारून कराल आणि निघून आल्यावर तिथे काय उरेल, हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

पन्नास मुलं आणि दोन बाई, म्हणजे एकीच्या वाट्याला पंचवीस. तीन वर्षांच्या मुलाला चपलेचा पट्टा लावता येत नाही आणि रडू का आलं तेही सांगता येत नाही. अशी पंचवीस मुलं एका बाईंच्या भोवती असली की त्यांचा दिवस राखण करण्यातच जातो. कोणी पाणी सांडतं, कोणी शेजारच्याला चावतं, कोणाला घाईची लागते, आणि गोष्ट अर्ध्यावर राहते. कसं शिकवायचं हे बाईंना येत असतं. नसते ती उसंत. सांडलेलं पाणी तुम्ही पुसलंत, भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलात, विखुरलेले ठोकळे गोळा केलेत, तर बाई सात-आठ मुलांना जवळ घेऊन ती गोष्ट शेवटपर्यंत सांगू शकतात. मुलं शिकतात ती त्या गोष्टीतून. तुमच्या पुसण्यामुळे गोष्ट पुरी झाली हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण तुमचं मोलाचं काम तेच असेल.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावी १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या मुलांसाठी एक बालवाडी सुरू झाली. पेरी प्रीस्कूल या नावाने ती ओळखली जाते. तिथल्या मुलांचा माग ती चाळिशीत पोचेपर्यंत आणि त्यानंतरही काढला गेला, म्हणून बालशिक्षणातली माणसं तिचं नाव अजून घेतात. त्याच वस्तीतल्या, पण त्या बालवाडीत न गेलेल्या मुलांच्या तुलनेत यांच्यातल्या जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, मोठेपणी जास्त जण कमावते झाले आणि पोलिसांनी पकडण्याचे प्रसंग त्यांच्यावर कमी आले. मग तिथे असं होतं काय? प्रशिक्षित शिक्षिका, पाच-सहा मुलांमागे एक. रोज सकाळी अडीच तास वर्ग. आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर, मुलाबरोबर बसत असे. यातलं काहीच बाहेरच्या माणसाने सहा आठवड्यांत उभं करण्यासारखं नाही. पण शिक्षिकेला वेळ मिळावा, ती नोकरी सोडून जाऊ नये, तिचा पगार वेळेवर व्हावा, यासाठी बाहेरच्या माणसाला खूप काही करता येतं. तुम्हाला तर जास्तच करता येईल. त्याकडे येतेच.

त्याआधी एक चौकशी करा. ही मुलं रात्री कुठे झोपतात?

तुम्ही 'बालवाडी' म्हणता, म्हणजे मुलं सकाळी घरून येतात आणि दुपारी घरी जातात असं मी धरून चालले आहे. तसं असेल तर पुढचं वाचा. पण मुलं तिथेच राहत असतील, त्या जागेला अनाथाश्रम, बालगृह, वसतिगृह काहीही म्हणत असतील, तर जाऊ नका. हे मी अगदी स्पष्ट सांगते आहे. कंबोडियात पर्यटक वाढत गेले तसे अनाथाश्रमही वाढत गेले. आणि पाहणीत दिसलं की त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणा येतो, मुलांना पाहून त्याला गहिवरून येतं, तो पैसे देतो, आणि त्या पैशांसाठी गरीब घरांतून आणखी मुलं आणली जातात. मुलं ही पर्यटकांनी बघायची गोष्ट नाही, अशी मोहीमच २०११ मध्ये तिथे काढावी लागली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवक-सहलींचा धोका नावानिशी नोंदवला आणि तो रोखण्याचं आवाहन सगळ्या देशांना केलं.

चांगली बालवाडी याच्या नेमकं उलट काम करते. आई निर्धास्तपणे कामाला जाऊ शकते, मुलाला दिवसातून एकदा तरी पोटभर जेवण मिळतं, आणि संध्याकाळी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत असतं. कुटुंब मोडू नये म्हणूनच ती असते. म्हणून अशा जागी मदतीला जाण्याच्या मी बाजूने आहे.

आता मांडीबद्दल. पत्रात तुम्ही ते एक वाक्य लिहिलंत आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळलात. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबले. इतकी वर्षं एक मूल अंगाखांद्यावर वाढवल्यानंतर घर शांत होतं तेव्हा काय होतं, हे अनेक आज्या मला लिहितात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती उणीव भरून काढायचं काम तिथल्या मुलांवर टाकू नका. त्यांच्या आयुष्यात आधीच बरंच काही अस्थिर आहे: वडिलांचं काम कधी असतं, कधी नसतं, घर बदलतं, माणसं येतात-जातात. अशा मुलाला आणखी एक प्रेमळ माणूस मिळून हरवणं परवडत नाही. आफ्रिकेतल्या अनाथ मुलांच्या संस्थांबद्दल लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या संशोधकांनी २०१०मध्ये हेच लिहिलं होतं. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांशी मुलं पटकन जोडली जातात, पुन्हा पुन्हा सोडली जातात, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. बालवाडीतल्या मुलांना घर असतं, त्यामुळे घाव तितका खोल नसतो. पण दर दीड महिन्याला नवा चेहरा येत असेल तर तोही लहान नाही.

पहिल्या दिवशी वर्गाकडे नीट बघा. अनोळखी माणूस दारात दिसलं की तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं बाईंच्या मागे लपतात, लांबून न्याहाळतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जवळ येतात. हे निरोगी लक्षण आहे. अर्धा वर्ग आल्या आल्या तुमच्या गळ्यात पडला, तर तिथून बरेच पाहुणे येऊन गेलेत असं समजा. मग आणखी जपून वागा.

म्हणजे मुलाला झिडकारायचं का? मुळीच नाही. मूल येऊन टेकलं तर टेकू द्या, हात धरला तर धरू द्या. रडत असेल तर त्याच्याजवळ खाली बसा आणि बाईंकडे बघा. त्याला उचलून कडेवर घेणारं माणूस शक्यतो त्याच्या बाईच असाव्यात. मूल तुम्हाला चित्र दाखवायला आलं तर कौतुक करा आणि खुणेने विचारा, बाईंना दाखवलंस? मग त्याला तिकडे पाठवा. दिवसात कितीतरी वेळा हे करावं लागेल आणि दर वेळी मनाला थोडं लागेल. आवडतं मूल ठरवू नका. ते आपोआप ठरेल, पण बाहेर दिसू देऊ नका.

आणि घरच्या रिकामपणाचं म्हणाल, तर नातवाला रोज झोपताना फोनवर गोष्ट सांगायला लागा. तुमच्या आवाजाची त्याला सवय आहे. ती मोडू देऊ नका. अगदी तिथून, वेळेचा फरक सांभाळूनसुद्धा, हे करता येईल.

आता कंपनी आणि पैसे. इथे तुमच्या मुलीला मी पूर्ण गुण देते. त्या फीतले किती पैसे बालवाडीपर्यंत पोचतात, कधी पोचतात आणि कोणत्या खर्चासाठी वापरले जातात, हे कंपनीला लेखी विचारा. तुम्ही आयुष्यभर लोकांना हेच प्रश्न विचारले आहेत, तेव्हा संकोच नको. मग बालवाडीला विचारा, तिथल्या एका शिक्षिकेचा महिन्याचा पगार किती. दोन आकडे शेजारी मांडा. तुमची फी म्हणजे एका शिक्षिकेचा वर्षभराचा पगार होत असेल आणि त्यातला जेमतेम हिस्सा तिथे जात असेल, तर मुलीचं ऐका आणि पैसे थेट पाठवा. देणगीदारांना झोपाळे आणि रंगवलेल्या भिंती आवडतात; पगारासाठी पैसे द्यायला फार कमी लोक तयार होतात. अशा संस्थांची खरी ओढाताण पगाराच्या तारखेलाच होते. पगार थकला की शिक्षिका जाते, आणि ती गेली की वर्गाची वर्षभराची घडी विस्कटते.

कंपनीने तुमच्याकडे काय मागितलं, तेही महत्त्वाचं. पोलीस पडताळणीचा दाखला, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांचे संदर्भ, समोरासमोर किंवा फोनवर मुलाखत, बालसुरक्षेच्या नियमांवर सही. यातलं काहीच न मागता फक्त फी मागितली असेल तर तो बेत तिथेच सोडा. पैसे भरून कोणीही मुलांपर्यंत पोचू शकतं अशी जागा असेल, तर तिथे नको तो माणूसही पोचणार. तुम्ही चांगल्या आहात हे तुम्हाला ठाऊक आहे; त्यांना कसं ठाऊक असणार? जी संस्था तुमच्यावर संशय घेऊन चौकशी करते, ती मुलांची काळजी घेते आहे. तिथे गेल्यावरही तोच नियम: कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहायचं नाही, शी-शूला नेणं आणि कपडे बदलणं हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम, मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना परस्पर भेटायला जायचं नाही. हे नियम त्यांनी सांगितले नाहीत तर तुम्ही स्वतःहून पाळा.

व्हिसाचंही तसंच. अनेक देशांत बिनपगारी कामसुद्धा कामच धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. 'विमानतळावर फिरायला आलेय म्हणून सांगा' असा सल्ला कोणी दिला तर समजून जा. पकडलं गेलं तर तुम्ही परत याल, बालवाडीला मात्र तिथल्या सरकारी कचेरीला वर्षभर तोंड द्यावं लागेल. त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, नाहीतर लेखी विचारा.

आता ते काम, जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी दिसलं आणि तुम्हाला बहुधा दिसलंच नाही. 'सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली' असं तुम्ही उणेपणाने लिहिलंय. ताई, देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्थेत याची केवढी वाण असते! तिथे मुलांशी खेळायला तयार असलेली माणसं येत राहतात. पावत्या लावून देणारं माणूस सहसा कोणी येत नाही. मुख्य बाईच संध्याकाळी, मुलं गेल्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पावत्या काढून बसतात. धान्य कितीला आलं, कोणत्या देणगीतून आलं, झोपाळ्यासाठी आलेले पैसे गॅससाठी वापरले ते कुठे दाखवायचे, या चिंतेत त्यांची रात्र जाते. देणगीदाराने हिशेब मागितला आणि तो वेळेवर गेला नाही तर पुढच्या वर्षीची रक्कम अडते. बालवाड्या बंद पडतात त्या बऱ्याचदा अशा कागदांपायी.

म्हणून जाण्याआधीच मुख्य बाईंना थेट लिहा की सकाळी मी वर्गात मदतनीस म्हणून राहीन आणि दुपारी, मुलं गेल्यावर, तुमच्या जमाखर्चाला बसेन, चालेल का? बहुतेक होकार येईल. मात्र एक जपा. वह्या हातात घेऊन सगळं स्वतः करून टाकू नका. तुम्हाला ते दोन दिवसांत जमेल आणि तुम्ही निघालात की पुन्हा खोकं भरायला लागेल. तिथे जो कोणी हिशेब लिहितो त्याच्या शेजारी बसा. रोजची रोकड रोज कशी जुळवायची, प्रत्येक देणगीचं खातं वेगळं कसं ठेवायचं, व्हाउचरला क्रमांक कसे द्यायचे, महिन्याअखेर बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ कसा घालायचा, एवढंच एकदा-दोनदा त्याच्या हातून करून घ्या. धान्याच्या साठ्याची एक वही सुरू करून द्या. तिथले करांचे आणि नोंदणीचे नियम तुमच्यापेक्षा वेगळे असतील, त्यात हात घालू नका. ते तिथल्या लेखापालाचं काम. पण रोकड वही जुळली पाहिजे हा नियम सगळ्या जगात एकच आहे. पैशांच्या व्यवहारात काही गैर दिसलं तर वर्गात किंवा इतर स्वयंसेवकांत त्याची चर्चा नको. जी संस्था त्यांना पैसे देते, तिच्या जबाबदार माणसाला लेखी कळवा.

भाषेची काळजी तुम्ही करता तेवढी मी करत नाही. उलट, तुम्हाला तिथे इंग्रजी शिकवायला सांगतील, त्याची मला जास्त काळजी आहे. परदेशी पाहुणा आला की त्याला इंग्रजीच्या तासाला उभं करतात. पालकांनाही ते हवंसं वाटतं. पण या वयात मुलाची स्वतःची भाषा अजून घडत असते. मुलाला शिकवण्याचं उत्तम माध्यम त्याची मातृभाषा, हे युनेस्कोने १९५३च्या अहवालातच म्हणून ठेवलंय. तीन वर्षांच्या मुलाने रंगांची इंग्रजी नावं सुरात म्हटली म्हणून ते पुढे जात नाही. बाईंशी आपल्या भाषेत भांडून, विचारून, सांगून ते पुढे जातं. इंग्रजीचा आग्रह झाला तर हातवाऱ्यांचं एखादं गाणं शिकवा आणि तिथेच थांबा.

तुम्ही मात्र त्यांची भाषा शिका. जाण्याआधी चाळीस-पन्नास शब्द: ये, बस, हळू, पाणी, दुखतंय का, छान, पुन्हा, संपलं, बाईंना सांग. उच्चार चुकतील, मुलं हसतील, तुम्हाला दुरुस्त करतील. एरवी सगळी मोठी माणसं त्यांना शिकवायला येतात. तुम्ही त्यांच्याकडून शिकता आहात याचा त्यांना फार आनंद होईल. सगळ्यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा, आणि त्यांच्या घरी जशी उच्चारतात तशीच.

'मी शिक्षिका नाही' म्हणालात. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 'मुलांचं घर' या नावाची बालवाडी उघडली, तेव्हा तिथे मुलांजवळ दिवसभर असणारी बाईही प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. मूल काय करतंय ते मध्ये न पडता पाहणं, हा माँटेसरींच्या साऱ्या कामाचा पाया. पहिला आठवडा तुम्ही तेवढंच करा. एका बाजूला बसा आणि बघा: दिवस कसा सुरू होतो, मुलांना एकत्र आणायला बाई कोणतं गाणं म्हणतात, हात कधी धुतात, कोणत्या मुलाला जेवायला वेळ लागतो. काही गोष्टी तुम्हाला पटणार नाहीत. बाई मुलांना फार वेळ एका जागी बसवतात असं वाटेल, आवाज चढवतात असं वाटेल. लगेच बोलू नका. पंचवीस मुलांना एकटीने सांभाळणारी बाई असं का करते, याचं कारण बहुतेक वेळा दोन आठवड्यांत समजतं. मारहाण दिसली तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी मुख्य बाईंना सांगा.

दुसऱ्या आठवड्यापासून काम आपोआप सापडेल. रिकामे खोके, बाटल्यांची झाकणं, जुनी मासिकं, कापडाचे तुकडे यांतून मोजायची, जुळवायची, ओवायची साधनं करता येतात. बाईंना काय हवंय ते विचारून ती करा, आणि तिथल्याच वस्तूंतून करा म्हणजे तुटली तर पुन्हा होतील. (झाकणं गिळता येतील इतकी लहान नकोत.) फाटलेली चित्रांची पुस्तकं चिकटवा, खेळणी धुवा, कात्रीकाम करून ठेवा, स्वयंपाकिणीबरोबर ताटं लावा. तिच्याशी मैत्री कराच. कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे बऱ्याचदा तिला बाईंच्याही आधी कळलेलं असतं.

गुडघ्यांचा विचार तुम्ही केला नसेल. तुमच्या वयात दिवसभर उठबस आणि जमिनीवर बसणं सोपं नाही. एक बुटका स्टूल मागून घ्या. डॉक्टरांकडून लशी पूर्ण करून घ्या, क्षयाची तपासणी करून घ्या, आणि सर्दी-ताप असेल त्या दिवशी वर्गात जाऊ नका. दाटीच्या वस्तीत तुमचा साधा ताप अर्ध्या वर्गात पसरायला वेळ लागत नाही.

भेटवस्तू मुलांच्या हातात देऊ नका. गोळ्या-चॉकलेटं तर नाहीच. काही न्यायचंच असेल तर आधी यादी मागवा आणि सगळं मुख्य बाईंच्या ताब्यात द्या. वाटायचं की नाही, कसं, ते त्या ठरवतील. मुलांना 'देणारा' दिसावा तो रोजचा माणूस.

फोटोंचं सांगणं कडक वाटेल. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, आणि कोणी काढून पाठवले तरी समाजमाध्यमांवर टाकू नका. खासगीपण हा मुलाचा हक्क आहे. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात तो लिहिलेला आहे. फाटक्या सदऱ्यातला आपला फोटो अनोळखी लोकांनी बघावा का, हे त्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं. तुमच्या नातवाच्या शाळेत कोणी परदेशी पाहुणा येऊन असे फोटो काढायला लागला तर तुम्ही त्याला थांबवाल. तेच माप इथे लावा. मुलीला दाखवायला फोटो हवा असेल तर तुम्ही केलेल्या साधनांचा काढा, भिंतीचा काढा, बाईंना विचारून त्यांचा काढा.

निरोपाची तयारी पहिल्याच दिवशी सुरू करा. बाईंना विनंती करा की मुलांना आधीच सांगा, ही आजी एवढे दिवस आहे आणि मग तिच्या घरी जाणार आहे. शेवटच्या आठवड्यात रोज आठवण करून द्या; या वयात 'पुढचा सोमवार' कळत नाही, भिंतीवर रोज एक चौकोन रंगवला तर कळतं. 'मी परत येईन' असं खात्री असल्याशिवाय म्हणू नका. मुलं ते विसरत नाहीत. शेवटच्या दिवशी समारंभ, रडारड, भेटींचं वाटप नको. नेहमीचं गाणं, नेहमीचं जेवण, आणि दारातून निरोप. तुम्हाला रडू आलं तर ते बाहेर पडल्यावर.

सहा आठवडे पुरे का? मुलांना शिकवायला अपुरे. दोन शिक्षिकांना थोडा श्वास घेऊ द्यायला आणि एक हिशेबाची वही मार्गी लावायला पुरे. शक्य असेल तर आठ करा. आणि परत आल्यावर महिन्यातून एकदा, महिनाअखेरीला, हिशेब लिहिणाऱ्या माणसाशी तासभर फोनवर बसायचं कबूल करा. मुलगी जे 'निघून येणार' म्हणाली, त्याला हे माझ्याकडचं उत्तर आहे. वर्गातून तुम्ही याल, कामातून येऊ नका.

तिला हे सगळं वाचून दाखवा, आणि मुख्य बाईंना लिहायचं पत्र तिच्याबरोबर बसून लिहा. मुलं रात्री कुठे असतात, माझ्या फीतलं तुमच्याकडे काय येतं, शिक्षिकेचा पगार किती, माझ्याआधी किती स्वयंसेवक येऊन गेले, मी वर्गात असताना तुम्ही काय कराल, आणि दुपारी हिशेबाला बसू का. शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. 'तुम्ही वर्ग घ्या, आम्ही तेवढ्यात दुसरी कामं उरकू' असं आलं तर जाऊ नका, पगारासाठी पैसे पाठवा. 'तुम्ही बाकीच्यांना सांभाळा म्हणजे मला लहान गटाला घेऊन बसता येईल' असं आलं तर तिकीट काढा. उत्तर येईपर्यंत कंपनीला एक रुपयाही देऊ नका.